विद्यापीठातल्या विभागाची वेबसाइट नव्याने करायची आहे, सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही एका राज्य विद्यापीठाच्या भूगोल विभागात शिकवता. विभागप्रमुखांनी वेबसाइटचं काम तुमच्यावर सोपवलंय, एका कंपनीचं कोटेशन आलंय आणि त्यांनी पाठवलेल्या तीन नमुन्यांपैकी कोणता घ्यावा ते ठरत नाहीये. मी गेली बारा वर्षं विद्यापीठांच्या विभागांच्या आणि कॉलेजांच्या साइट्स बनवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिन्ही नमुने आत्ता बाजूला ठेवा. वही-पेन घ्या आणि विभागाच्या ऑफिसात, खिडकीच्या आतल्या बाजूला, दोन दिवस बसा. शक्यतो प्रवेशाच्या किंवा परीक्षा फॉर्मच्या दिवसांत. खिडकीशी येऊन कोण काय विचारतं आणि फोनवर काय विचारलं जातं, ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.

एका भाषा विभागाची साइट करताना मी हे पहिल्यांदा केलं. चार पानं भरली. एम.ए.चे फॉर्म सुटले का? एटीकेटीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती? जुन्या पॅटर्नचा सिलॅबस कुठे मिळेल? पीएच.डी.साठी कोणत्या गाइडकडे जागा आहे? बोनाफाइड किती दिवसांत मिळतं? बाहेरगावचा एक मुलगा, 'मॅडम आज आहेत का' एवढं विचारायला सकाळच्या एसटीने आला होता. मॅडम रजेवर होत्या. साइटवर तेव्हा सगळ्यात वर पाच फोटोंचा स्लायडर, खाली विभागप्रमुखांचं मनोगत, त्याखाली ध्येय आणि उद्दिष्टं होती. यातलं काहीच चुकीचं नव्हतं, नॅकसाठी (उच्चशिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणारी परिषद) ते लागतंही. पण खिडकीवरच्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्या पानावर नव्हतं. आम्ही मनोगत आणि उद्दिष्टं 'विभागाविषयी'मध्ये नेली आणि पहिलं पान त्या चार पानांवरून रचलं. नमुना कोणता घ्यायचा हा प्रश्न मग फारसा उरलाच नाही.

सिलॅबसच्या पानाकडे खास लक्ष द्या, विभागाच्या साइटवर सगळ्यात जास्त गोंधळ तिथे असतो. महाराष्ट्रात विद्यापीठांच्या विभागांत २०२३-२४ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले. पण त्याआधी प्रवेश घेतलेली आणि काही विषय राहिलेली मुलं जुन्याच पॅटर्नने परीक्षा देतात. त्यामुळे दोन्ही अभ्यासक्रम साइटवर हवेत, आणि विद्यार्थ्याला आपला कोणता ते एका नजरेत कळायला हवं. 'न्यू सिलॅबस', 'रिव्हाइज्ड सिलॅबस', 'फायनल' अशी नावं देऊ नका; दोन वर्षांनी 'न्यू' म्हणजे कोणता, ते विभागातही कोणाला सांगता येत नाही. प्रवेशाच्या वर्षाप्रमाणे मांडा: '२०२२-२३ मध्ये प्रवेश घेतलेल्यांसाठी', '२०२३-२४ पासून प्रवेश घेतलेल्यांसाठी'. मुलांना स्वतःचं प्रवेशाचं वर्ष पाठ असतं, पॅटर्नचं नाव नसतं.

आता नोटिशींबद्दल. आपल्याकडे नोटीस वर्डमध्ये टाइप होते, तिची प्रिंट निघते, सही-शिक्का होतो, मग ती स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवतात. म्हणजे अक्षरांचं चित्र चढवलं जातं. एका विभागात दृष्टिहीन विद्यार्थ्याबरोबर बसून मी त्याच्या लॅपटॉपवर आमची साइट तपासली होती. तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरायचा. मेनू त्याने भराभर पार केला, शिष्यवृत्तीची नोटीस उघडली, आणि तो आवाज एवढंच बोलला की डॉक्युमेंट रिकामं आहे. त्याने दुसरी उघडली, तिसरी उघडली. प्रत्येक वेळी रिकामं. मला म्हणाला, "मला वाटायचं विभाग नोटिसा टाकतच नाही." मी गप्प बसले. ती साइट मीच केली होती.

तेव्हापासून माझा नियम एकच. नोटिशीचा मजकूर पानावर अक्षरांतच टाकायचा आणि सही-शिक्क्याची पीडीएफ त्याखाली जोडायची. वर्डची फाइल ऑफिसात असतेच, कॉपी करून चिकटवायला दोन मिनिटं लागतात. मजकूर शोधातही सापडतो आणि मोबाइलवर बोटांनी मोठा करत बसावा लागत नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार सार्वजनिक संस्थांची माहिती सर्वांना वापरता येण्याजोगी हवी. सरकारी संकेतस्थळांसाठीच्या जीआयजीडब्ल्यू मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२३ची आहे, तीही याच अपेक्षा सविस्तर सांगते. 'डब्ल्यूसीएजी २.१, डबल ए पातळी' (साइट सर्वांना वापरता यावी यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) हे शब्द कोटेशनमध्ये लिहून घ्या. त्यातली एक गोष्ट तुम्ही स्वतःच तपासू शकता: साध्या आकाराची अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा लागतो. फिक्या राखाडी अक्षरांचे देखणे नमुने इथेच नापास होतात. वरची सरकती पट्टी तर काढूनच टाका, ती धड कोणालाच वाचता येत नाही.

मराठीसाठी वेगळा वेळ राखून ठेवा. विभागातला जुना मजकूर बहुधा श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये असेल. तो जसाच्या तसा चिकटवला तर साइटवर अगम्य चिन्हं दिसतात. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत, बदला आणि बदलल्यावर कोणीतरी ओळ न् ओळ वाचा. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. फॉन्ट मुक्त परवान्याचे मिळतात, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी चांगले आहेत. पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये नोंदवायला डेव्हलपरला सांगा. तसं केलं की ज्या फॉन्टमध्ये सोय असते, तिथे 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे दिसतात, आणि स्क्रीन रीडरलाही कोणत्या भाषेचा आवाज लावायचा ते समजतं. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात. आणि भाषांतराचं आपोआप चालणारं बटण मराठी पान म्हणून खपवून घेऊ नका. अध्यासनाची 'खुर्ची' झालेली मी एका विद्यापीठाच्या पानावर पाहिली आहे. पाचच पानं मराठीत करा, पण ती माणसाने लिहिलेली असू द्या.

प्राध्यापकांच्या पानांवर फार वेळ घालवू नका. नाव, विषय, विभागाचा ईमेल, भेटायची वेळ, पीएच.डी.साठी किती जागा रिकाम्या आहेत, आणि विद्वान किंवा ऑर्किड या संशोधकांच्या ऑनलाइन नोंदींपैकी एकीवरच्या त्यांच्या पानाची लिंक, एवढं पुरे. शोधनिबंधांची यादी इथे पुन्हा टाइप केली की सहा महिन्यांत शिळी होते. पूर्ण झालेले प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात असतात, तिकडची लिंक द्या.

तांत्रिक बाजू. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, बाहेरून विकत घेऊ नका. विद्यापीठाच्या डॉट एसी डॉट इन पत्त्याखाली विभागाचं सब-डोमेन संगणक केंद्राकडून मागून घ्या. कोणा विद्यार्थ्याने प्रोजेक्ट म्हणून साइट केली, डोमेन त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडे आणि तो आता बंगळुरूला नोकरीला, असे विभाग मी पाहिलेत. वर्डप्रेस हे साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर चालेल, पण प्लगइन (जादा सोयींचे जोड) मोजकीच असू द्या आणि अपडेट कोण करणार ते नाव घालून ठरवा. कंपनी ड्रुपल ७ हे तसलंच जुनं सॉफ्टवेअर म्हणत असेल तर नाही म्हणा, त्याला अधिकृत अपडेट मिळणं ५ जानेवारी २०२५ रोजी संपलं. अपडेट न झालेल्या शैक्षणिक साइट्सवर सट्टा आणि जुगाराची पानं लपवून टाकली जातात. विभागात कोणाला पत्ताही नसतो, गूगलवर मात्र विभागाच्या नावाखाली ती दिसत राहतात. ईमेल पदाचा ठेवा, व्यक्तीचा नको, विभागप्रमुख बदलतात.

कोटेशनमध्ये पुढची ओळ घालून घ्या: काम पूर्ण झालं असं केव्हा मानायचं, तर विभागाचा लिपिक कंपनीला फोन न करता दहा मिनिटांत नोटीस चढवून आणि जुनी उतरवून दाखवेल तेव्हा. शेवटचा हप्ता त्यानंतर. सगळे पासवर्ड, डेटाबेस आणि दर महिन्याचा बॅकअप विभागाच्या ताब्यात, हेही लेखी घ्या.

आणि एक काम कंपनी पाऊल ठेवायच्या आधी तुम्ही स्वतः करा. जुन्या साइटवरच्या प्रत्येक पानाचा आणि प्रत्येक पीडीएफचा पूर्ण पत्ता एका एक्सेलमध्ये उतरवा. मी एका विद्यापीठासाठी नवी साइट केली तेव्हा पत्ते नीटनेटके व्हावेत म्हणून सगळे बदलले होते. चार महिन्यांनी नॅककडून डीव्हीव्हीची, म्हणजे दिलेली माहिती आणि पुरावे पडताळण्याची, विचारणा आली. आधीच्या वर्षांच्या एक्यूएआरमध्ये (नॅकला द्यायच्या वार्षिक गुणवत्ता अहवालांत) पुरावा म्हणून दिलेल्या लिंका एकेक करून उघडायला लागलो, तर 'पान सापडत नाही'. विद्यार्थ्यांचे अभिप्राय, कार्यशाळांचे अहवाल, अभ्यास मंडळाची इतिवृत्तं, सगळं सर्व्हरवर होतं, पण पत्ता दुसरा. उत्तराची मुदत थोडी होती. संगणक केंद्रातले दोघं आणि मी, तीन रात्री बसून जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर नेणारे रीडायरेक्ट लिहीत होतो. आणि कोणता जुना पत्ता कोणत्या फाइलचा, ते अंदाजाने, कारण जुनी साइट तोवर पुसून टाकली होती. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या ऑनलाइन संग्रहात काही पानं मिळाली, पीडीएफ बहुतेक मिळाल्या नाहीत.

तुमच्याकडे जुनी साइट अजून चालू आहे. आयक्यूएसीकडून, म्हणजे विद्यापीठाच्या गुणवत्ता कक्षाकडून, गेल्या पाच वर्षांचे एक्यूएआर मागून घ्या, त्यातल्या तुमच्या विभागाच्या लिंका त्या एक्सेलमध्ये वेगळ्या रंगात ठेवा, आणि रीडायरेक्टचं काम कोटेशनमध्ये वेगळी बाब म्हणून लावा. जुनी साइट किमान वर्षभर तरी कुठेतरी जपून ठेवायला सांगा.