ट्रॅक्टरच्या लोडरमध्ये माणसे उभी करून गोठ्याचे पत्रे बसवले तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: खानापूर तालुक्यातल्या घरी गोठ्याची जुनी मंगळुरी कौले उतरवून पत्रे घालायचे आहेत, आढे साधारण तेरा फुटांवर आहे, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला पुढे लोडर आहे आणि बकेटमध्ये दोन माणसे उभी केली तर दोन दिवसांत काम उरकेल, असे तोच म्हणतो आहे. लोडर आठशे किलो उचलतो आणि दोन माणसे मिळून दीडशे किलोही भरत नाहीत, मग अडचण कसली, असेही तुम्ही विचारले आहे.

अडचण वजनाची नाहीच. मी बेळगावच्या उद्यमबागेत सतरा वर्षे हायड्रॉलिक सिलिंडर जोडण्याचे काम केले आणि आता खानापूर रस्त्याला स्वतःचे लहान वर्कशॉप चालवतो. लोडरचे सिलिंडर, सील आणि होज पाइप हाच माझा रोजचा धंदा आहे. या अनुभवावरून सांगतो की बकेटमधला माल कधीतरी खाली येणार, हे धरूनच लोडर बनवलेला असतो. बकेटखाली कोणी उभे राहू नये आणि बकेटमध्ये कोणी चढू नये, असे लोडरसोबतच्या पुस्तकात लिहिलेले असते. त्यामुळे माती किंवा शेणखत खाली आले तर नुकसान फारसे होत नाही, आणि म्हणूनच पहिला आधार सुटल्यावर धरून ठेवणारा दुसरा आधार त्यात सहसा दिलेलाच नसतो.

पहिला आधार म्हणजे काय, तेही पाहा. पंपाकडून आलेले तेल कंट्रोल व्हॉल्व्हमधून होजमध्ये आणि होजमधून सिलिंडरमध्ये जाते. लिव्हर मधोमध असताना व्हॉल्व्हमधला स्पूल, म्हणजे आतला सरकता दांडा, तेलाची परतीची वाट अडवतो आणि त्या कोंडलेल्या तेलावर बूम, म्हणजे बकेट उचलणारा हात, उभा राहतो. स्पूल कितीही चांगला असला तरी थोडे तेल झिरपू देतोच. रात्री वर ठेवलेले बकेट सकाळी जमिनीला टेकलेले तुमच्या शेजाऱ्याने नक्की पाहिले असेल. राहिला होज. गेल्या पावसाळ्यानंतर जांबोटीकडून आलेल्या एका लोडरचा होज मी कापून पाहिला, तेव्हा वरचे रबर बऱ्यापैकी काळे आणि शाबूत दिसत होते, पण क्रिंप केलेल्या, म्हणजे दाबून फिटिंग बसवलेल्या टोकापासून बोटभर अंतरावर आतली तारेची जाळी गंजून तिचा तांबूस भुगा झाला होता आणि चिमटीत धरल्यावर ती बिस्किटासारखी चुरत होती. तो लोडर आदल्या दिवसापर्यंत चिरे उचलत होता. अशा होजवर आठशे किलो आहेत की दीडशे, हा हिशेब करण्यात अर्थ उरत नाही, कारण बूमचे स्वतःचे वजन आणि खड्ड्यातून जाताना बसणारा हिसका एवढ्यानेही तो फुटू शकतो.

तरीही मी पाहिलेला अपघात होज फुटून झालेला नाही, तो लिव्हरमुळे झाला. पुष्कळ लोडरमध्ये लिव्हर पूर्ण पुढे ढकलली की ती तिथेच अडकून राहते. त्याला फ्लोट म्हणतात. जमीन सपाट करताना बकेटने उंचसखल भागाप्रमाणे आपोआप वरखाली व्हावे, यासाठी त्या जागी सिलिंडरच्या दोन्ही बाजूंचे तेल टाकीला मोकळे केलेले असते. बकेट वर असताना लिव्हर तिथे गेली, तर बूम स्वतःच्या वजनाने खाली येतो आणि लिव्हर सोडून दिली तरी थांबत नाही.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्याच गल्लीत एका गोठ्यावर पत्रे बसवत होते. माझा चुलतभाऊ बकेटमध्ये उभा राहून पत्रे धरून ठेवणाऱ्या J आकाराच्या हुकांचे नट आवळत होता. मी आक्षेप घेतल्यावर ट्रॅक्टरवरचा मुलगा म्हणाला, "कायबी होत नाही ओ मामा, मी हाय की हितं." आणि खरोखर तो जागेवरून हलला नव्हता. मागून कोणीतरी वॉशरची पिशवी मागितली, ती द्यायला तो सीटवर वळला आणि त्याचे कोपर लिव्हरला लागले. बकेट सरसर खाली गेले, धाडकन नव्हे, पण भावाच्या पायाखालून निघून गेले एवढे खरे. त्याने पर्लिनला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या दांड्याला, मिठी मारली, चार-पाच सेकंद तग धरला आणि मग हात सुटून तो बकेटच्या पात्यावर टाचेवर आदळला. टाचेचे हाड मोडले, सहा महिने तो शेतात गेला नाही, आणि आजही चढावर चालताना तो थांबतो. त्या मुलाला मी दोष देत नाही. ज्या लिव्हरला कोपर लागल्याने माणूस पडतो, त्या लिव्हरच्या भरवशावर माणूस वर चढवणे हीच चूक होती, आणि मी एकदाच बोलून गप्प बसलो, ही माझी.

आता ट्रॅक्टर स्वतः किती स्थिर असतो ते पाहू. पुढचा ॲक्सल मधोमध एका पिनवर झुलता असतो, त्यामुळे दिसायला चार चाके असली तरी ट्रॅक्टर खरे तर मागची दोन चाके आणि ती पिन अशा तीन ठिकाणी उभा असतो. बकेटमधला भार पुढे असल्याने मागची चाके हलकी होतात, आणि बकेट वर गेले की तो भार उंचावरही जातो, आणि आपल्याकडच्या बहुतेक टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरांना ब्रेक मागच्याच चाकांना असतात. गोठ्याभोवतालची जमीन कशी असते हे तुम्हाला ठाऊक आहे: एका बाजूला उकिरडा, दुसऱ्या बाजूला मुताची चर, मध्ये कधीतरी बुजवलेला खड्डा. पुढचे अरुंद चाक वीतभर खचले तर वर उभ्या असलेल्या माणसाला ते हातभर झुकल्यासारखे जाणवते. त्यात काम पुढे सरकले की वरूनच आवाज येतो, "थोडं पुढं घे," आणि माणसे खाली न उतरवता क्लच सोडला जातो. शिवाय बऱ्याच साध्या लोडरमध्ये बूम वर जाताना बकेट आपोआप समतल राहत नाही, ते दुसऱ्या लिव्हरने सावरावे लागते. म्हणजे पायाखालची गुळगुळीत, वाकलेली लोखंडी तळी सतत कलत असते आणि कडा गुडघ्याच्याही वर येत नाही. वळवाच्या दिवसांत दहा फुटी पत्रा हातात धरून तिथे उभे राहायचे, म्हणजे शीड धरून उभे राहण्यासारखे आहे.

विजेचे वेगळे सांगतो, कारण ते बहुधा कोणी मोजत नाही. रस्ता ओलांडत नसलेल्या आणि रस्त्याच्या कडेने जात नसलेल्या ठिकाणी ११ केव्हीची उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटरवर, म्हणजे साधारण पंधरा फुटांवर असावी, असा नियम आहे. लोडरचे बकेट दहा फुटांवर गेले, त्यात साडेपाच फुटांचा माणूस उभा राहिला आणि त्याने पत्रा वर धरला, तर नियमाप्रमाणे ओढलेली तारही त्याच्या हाताच्या टप्प्यात येते. झोळ पडलेली तर बोलायलाच नको. लोडर तारेला लागलाच तर चालकाने सीटवरच बसून राहावे आणि खालच्या कोणीही ट्रॅक्टरला हात लावू नये. आग लागल्याने उतरावेच लागले तर ट्रॅक्टर आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय घासतच दूर जावे. घरावर येणारी सर्व्हिस वायर काम सुरू होण्यापूर्वी लाइनमनकडून बंद करून घ्या. आपल्या भागातल्या वीज कंपनीचा, हेस्कॉमचा, १९१२ हा क्रमांक त्यासाठी आहे.

"मग बेल्ट लावला तर?" हे पुढे विचाराल. त्याचा हुक बकेटलाच अडकवला तर बकेटबरोबर माणूसही खाली जातो. छपराला अडकवायचा म्हटले तर ज्या वाशांना वाळवी लागली म्हणूनच तुम्ही छप्पर बदलता आहात, त्यांच्यावर तो भरवसा टाकावा लागतो. माझ्याकडे दरवर्षी कोणीतरी बकेटवर बसवायचा पिंजरा वेल्डिंग करून मागायला येतो, सिलिंडरला होल्डिंग व्हॉल्व्ह, म्हणजे तेल आतच अडवून धरणारा व्हॉल्व्ह, बसवा म्हणतो. व्हॉल्व्ह सिलिंडरवरच बसवला तर होज फुटल्यावर बूम थांबेल, हे बरोबर आहे, पण कोपर लागलेली लिव्हर, खचलेले चाक आणि वरची तार यांवर त्याचा उपयोग नाही. माणसे उचलण्यासाठी बनवलेल्या बूम लिफ्टमध्ये तसा व्हॉल्व्ह असतोच, शिवाय नियंत्रण वर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असते, कमरेच्या वरपर्यंत कठडा असतो, तळ समतल राहतो आणि इंजिन बंद पडले तरी हळूहळू खाली येण्याची सोय असते. या सगळ्यातली एकच गोष्ट जोडून लोडरची बूम लिफ्ट होत नाही, म्हणून मी पिंजरा करून देत नाही. मागचा एक गृहस्थ रागावून गेला आणि त्याने दुसरीकडे करून घेतला.

पैशाचा भाग थोडक्यात. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणाची बसण्याची जागा नसते, त्यामुळे बकेटमधल्या माणसासाठी विमा कंपनी हात वर करण्याचीच शक्यता जास्त. मजूर तुम्ही रोजाने लावलेला असेल तर भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.

तेरा फुटांसाठी बेळगावात सेंट्रिंगचे साहित्य भाड्याने देणाऱ्यांकडून एच-फ्रेमची, म्हणजे H आकाराच्या लोखंडी चौकटींची, परांची आणा. बेस प्लेटखाली फळ्या टाका, ती भिंतीला दोन ठिकाणी बांधा, वर कठडा आणि पूर्ण रुंदीच्या फळ्या लावा. कौले आतून, परांचीवर उभे राहून, आढ्याकडून खाली अशी काढत आणा. वाशांवर चढू नका. शिडी लावाल तर वळचण आठ फुटांवर असल्यास पाय भिंतीपासून दोन फूट बाहेर ठेवा आणि वरचे टोक वळचणीच्या तीन फूट वर येऊ द्या. पत्रे वर देण्यासाठी दोन बांबू तिरके टेकवून त्यावरून दोरीने ओढणे ही आपली जुनी रीत अजूनही उत्तम चालते. शेजाऱ्याचा लोडर नाकारून त्याला दुखवायचे नसेल तर उतरवलेली कौले आणि कुजके वासे उचलून नेण्याचे काम त्याला द्या, ते लोडरचेच काम आहे. फक्त परांची आजच सांगून ठेवा; मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतर खानापूर-बेळगाव पट्ट्यात सगळेच छपरावर असतात आणि एच-फ्रेम मिळत नाही, आणि तेव्हाच बकेटची आठवण होते.