‘डोक्याला करंट देणार, म्हणजे शॉकच ना?’

नैराश्यासाठी डॉक्टरांनी चुंबकीय उत्तेजनाचा, म्हणजे ज्याला सगळे ‘टीएमएस’ म्हणतात त्या उपचाराचा सल्ला दिला, की माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या तोंडी हाच प्रश्न असतो. धुळ्यात समुपदेशन करताना तो इतक्यांदा ऐकला होता की त्याचे उत्तर मला पाठ झाले होते. ते पाठ झालेले उत्तर चुकीचे होते, हे मला अमळनेर तालुक्यातील एका कुटुंबामुळे कळले. त्यांच्या परवानगीने हा अनुभव लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

गृहस्थ एकेचाळीस वर्षांचे, गावात मोटार रिवाइंडिंगचे दुकान. विहिरीवरच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे येतात. जळकी तार उपसून काढायची, स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या स्थिर भागाच्या, खाचांत नवी तांब्याची तार भरायची, वार्निश लावून वाळवायची, असे ते काम. कपाशीला पाणी द्यायच्या दिवसांत एरवी त्यांना जेवायलाही फुरसत नसे. त्या वर्षी मात्र टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजताना आकडा हरवू लागला. साठ-सत्तरपर्यंत पोहोचले की आपण मोजत होतो हेच विसरून जायचे, तार सोडायची आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. पहाटे तीनला जाग येई आणि मग डोळा लागत नसे. अन्नावरची वासना उडाली, दुकानात मोटारींची रांग लागली, गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ लागले. मनोविकारतज्ज्ञांनी एकामागून एक दोन औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊन पाहिली. थोडा उतार पडे आणि पुन्हा पहिल्यासारखेच होई.

‘मी नसलो तरी दुकान चालेल’ असे ते एकदा बोलून गेले, तेव्हा डॉक्टरांनी ते वाक्य गांभीर्याने घेतले. शेतातल्या फवारणीच्या औषधांच्या बाटल्या त्याच दिवशी घराबाहेर हलवायला लावल्या आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पत्नीच्या मोबाईलमध्ये भरून दिला. आपल्या कपाशीच्या पट्ट्यात ही खबरदारी प्रत्येक घराने घ्यावी, असे मला कळकळीने वाटते, म्हणून मुद्दाम सांगते.

त्यानंतर टीएमएसचा सल्ला आला. उपचार नाशिकला, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. निर्णय घेण्यापूर्वी डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले. ते स्वतः, पत्नी आणि आई असे तिघे आले होते. आई दाराजवळच्या खुर्चीत पदर सावरून गप्प बसल्या होत्या.

पत्नीने सुरुवातीलाच विचारले, “मॅडम, यांच्या डोक्याला करंट देणार म्हणजे शॉकच ना? माणूस वेडा झाला असे गावात होईल. आणि जे आठवते तेही विसरले तर?”

मी नेहमीप्रमाणे म्हणाले, “नाही ताई, शॉक वेगळा. तो जुना, भयंकर प्रकार. हे साधे चुंबक आहे, काही होत नाही, घाबरू नका.”

पत्नीच्या चेहऱ्यावर जरा हायसे वाटल्याचे दिसले. तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, “माले बी देयेल व्हतात शॉक.”

हे मुलालाही ठाऊक नव्हते. आई सावकाश सांगत गेल्या. याच मुलाच्या बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात त्यांचे खाणेपिणे बंद झाले. बाळाला अंगावर घेत नव्हत्या, हे मूल माझे नाही असे म्हणत होत्या. घरच्यांनी आधी बाहेरचे बघितले, मग मोठ्या दवाखान्यात नेले. लोखंडी खाट आणि दातांत धरायला दिलेली कसलीशी रबराची वस्तू, एवढेच त्यांना आठवत होते. सहा-सात वेळा उपचार झाले आणि एके सकाळी त्यांनी स्वतःहून भाकर मागितली. “याचे बारसे मला आठवत नाही,” त्या म्हणाल्या, “पाळणा कोणी म्हटला, नाव कोणी ठेवले, काहीच नाही. पण त्यानंतर याला मीच वाढवला.” एकेचाळीस वर्षे हे घरात कोणी उच्चारले नव्हते.

ज्या उपचाराने ही बाई उठून संसाराला लागली, त्याला मी तिच्यासमोरच भयंकर म्हटले होते. मी त्यांची क्षमा मागितली, आणि मग पुन्हा पहिल्यापासून, घाई न करता उत्तर दिले. तेच इथे देते.

शॉक उपचार, म्हणजे ईसीटी, १९३८ मध्ये रोममध्ये सेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी सुरू केला. त्यात डोक्याला काही सेकंद वीज देऊन मेंदूत नियंत्रित आकडी आणतात. पूर्वी अनेक ठिकाणी तो भूल न देताच केला जाई, आणि या आजींसारख्या, म्हणजे गृहस्थांच्या आईसारख्या, अनेकांच्या आठवणीतली भीती तिथून आलेली आहे. आज तसे करणे कायद्याला मान्य नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय ईसीटी देता येत नाही. रुग्ण झोपेत असतो, प्राणवायू चालू असतो, आकडी साधारण मिनिटभराच्या आत संपते. उपचाराच्या आसपासच्या दिवसांच्या आठवणी पुसट होतात. बऱ्याचशा परततात, काही परत येत नाहीत, आणि आजींचे बारसे त्यांपैकीच एक. ही किंमत लपवू नये. पण रुग्णाने अन्नपाणी सोडले असेल, हालचाल थांबली असेल किंवा जिवाला तातडीचा धोका असेल, तर आजही ईसीटीइतका परिणामकारक उपचार दुसरा नाही. चुंबकाची भलामण करण्यासाठी शॉकला नावे ठेवली, तर उद्या चुंबकाने गुण आला नाही तेव्हा याच कुटुंबासाठी तो दरवाजा आपणच लावून घेतलेला असतो. माझ्या पाठ उत्तरातली चूक ही होती.

आता टीएमएस. मी बोलू लागले तेव्हा इतका वेळ खाली मान घालून बसलेल्या गृहस्थांनी प्रथमच स्वतःहून विचारले, “कॉइल आहे ना ती? मग किती व्होल्टची? आणि इन्सुलेशन गेले तर?”

मोटार भरणाऱ्या माणसाचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. मी त्यांनाच उलट विचारले, “भाऊ, तुमच्या मोटारीत रोटरला वायर जोडलेली असते का?” ते म्हणाले, “नाही.” “मग तो फिरतो कसा?” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि हाताने हवेत गोल काढत म्हणाले, “स्टेटरच्या चुंबकाने त्याच्यात करंट तयार होतो.” टीएमएसचे तत्त्व नेमके हेच आहे. बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले. १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच तत्त्वावर, कवटीला कोणतीही तार न जोडता, मेंदूतील हालचालींच्या भागाला बाहेरून चेतना दिली आणि माणसाचा हात हलला. यंत्रात वीज साठवणारा कपॅसिटर असतो. तो रिकामा होताना इन्सुलेशन केलेल्या कॉइलमधून सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ फार मोठा प्रवाह जातो. कॉइलमधली वीज डोक्यात जात नाही; जाते ते चुंबकक्षेत्र, आणि त्यामुळे कवटीखालच्या दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या चेतापेशींत अगदी अल्प प्रवाह उमटतो. त्या क्षेत्राची ताकद दीड-दोन टेस्ला, म्हणजे एमआरआयच्या तोडीची असते, पण ती क्षणमात्र टिकते.

पत्नीला व्होल्टशी देणेघेणे नव्हते. त्यांना तिथे प्रत्यक्ष काय होईल ते हवे होते, म्हणून मी तेही क्रमाने सांगितले. भूल नाही, सुई नाही. माणूस खुर्चीत जागा बसतो, कानात बोळे असतात, कारण कॉइल वाजते. पहिल्या दिवशी डॉक्टर कॉइल डोक्यावर थोडी थोडी सरकवत हाताचा अंगठा कधी आपोआप उडतो ते पाहतात, आणि त्यावरून त्या रुग्णाला किती ताकद लागेल ते ठरवतात. मग कॉइल कपाळाच्या वर, डाव्या बाजूला आणतात. नैराश्यात मेंदूच्या पुढच्या भागातील ही जागा मंदावलेली असते असे मानतात. ठरलेल्या पद्धतीत सेकंदाला दहा ठोके असे चार सेकंद चालतात, मग सव्वीस सेकंद विश्रांती, असे सदतीस-अडतीस मिनिटे. काही ठिकाणी तीनच मिनिटांची नवी पद्धत वापरतात. डोके दुखणे, कॉइलखालची त्वचा टोचल्यासारखी होणे हे त्रास होतात आणि बहुधा पहिल्या आठवड्यात ओसरतात. आकडी येण्याचा धोका आहे, पण हजारात एकापेक्षाही कमी रुग्णांना. स्मरणशक्तीवर ईसीटीसारखा परिणाम होत नाही. उपचार संपला की माणूस स्वतःच्या पायांनी बसथांब्यावर जाऊ शकतो.

मात्र डोक्यात धातूची क्लिप किंवा कानातील कॉक्लिअर यंत्र बसवलेले असेल तर टीएमएस देत नाहीत. पेसमेकर असेल किंवा पूर्वी फिट आलेली असेल, तर ते आधीच सांगायला हवे. आणि गुण येतोच असेही नाही. औषधांनी न सुधारलेल्यांपैकी ढोबळमानाने निम्म्यांना ठळक फरक पडतो, सुमारे एक-तृतीयांशांची लक्षणे जवळजवळ जातात, आणि बाकीच्यांना फारसा उपयोग होत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्यासाठी या उपचाराला २००८ मध्ये मान्यता दिली, मंत्रचळासाठी (ओसीडी) २०१८ मध्ये. पण मनोविकारतज्ज्ञाने तपासण्याआधीच जिथे मुलांच्या हुशारीपासून सगळ्यासाठी मशीनची पॅकेजे सांगितली जातात, तिथून सरळ उठून यावे.

जाता जाता आजींनी विचारले, गुडघ्याला फिजिओथेरपीत लावतात तो करंट हाच का. तो नव्हे. तिथे त्वचेवर चिकटपट्ट्या लावून चेतातंतूंना हलकी वीज देतात, जेणेकरून वेदनेचा निरोप दबतो. कंपवाताच्या काही रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रिया करून तार बसवतात, तोही विजेचाच उपचार, पण अगदी निराळा. फ्रान्समधील ग्रनोबल येथे बेनाबिद यांनी तो १९८७ मध्ये सुरू केला. ‘करंट’ या एका शब्दात आपण हे सगळे एकत्र गुंडाळतो आणि मग सगळ्यांचीच सारखी भीती वाटते.

निर्णय त्याच दिवशी झाला नाही, आणि मी तसा आग्रहही धरला नाही. संमती रुग्णाने द्यायची असते, समुपदेशकाने मिळवायची नसते. चार दिवसांनी त्यांचाच फोन आला. नाशिकला बहिणीकडे राहायचे ठरले होते. दुकान पुतण्याने पाहायचे, आणि मुलांच्या परीक्षा असल्याने पत्नीने गावीच थांबायचे. सोबत कोण जाणार, असे विचारले तेव्हा कळले की माय जाणार आहे.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा पुन्हा फोन आला, आवाज थकलेला होता. पंधरा दिवस होऊन गेले तरी फरक नाही, बहिणीच्या घरी किती दिवस राहायचे, परत येतो म्हणत होते. असा टप्पा फार जणांच्या वाट्याला येतो. मी एवढेच विचारले की पहाटे जाग किती वाजता येते. ते थांबले. मग आतून आईला विचारल्याचे ऐकू आले. गेले तीन दिवस पाचपर्यंत झोप लागली होती, पण त्यांनी ते धरलेच नव्हते. डॉक्टर दर आठवड्याला मोजपट्टीवर लक्षणांच्या तीव्रतेचे गुण काढत होते, तेही थोडे उतरले होते. मग ते नाशिकलाच थांबले. सहावा आठवडा संपला तेव्हा गुण सुरुवातीच्या निम्म्याहून खाली आले होते. पूर्ण बरे झाले असे मी म्हणणार नाही. गोळ्या चालू आहेत, महिन्याला तपासणी आहे, आणि लक्षणे परतली तर पुन्हा काही बैठका लागू शकतात हे त्यांना माहीत आहे.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, ते एकटेच मला भेटायला आले. पाच एचपीची एक मोटार भरली होती, टर्न एकदाही चुकले नव्हते. ते सांगून झाल्यावर म्हणाले, आत्या आखाजीला माहेरी आली होती, तिला बसवून मी माझ्या बारशाचे सगळे विचारले. नाव तिनेच ठेवले होते. पाळणा शेजारच्या काकूंनी म्हटला होता, आणि घुगऱ्या कमी पडल्या म्हणून पुन्हा शिजवाव्या लागल्या होत्या. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी ते सगळे मायला सांगितले.