वाचकांचे प्रश्न : आकडा वाढवला, तरी प्रोग्राम का अडतो?

प्रश्न : मी फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली संगणकप्रणाली वापरतो. लिनक्ससाठी तयार झालेला एक प्रोग्राम ‘कर्नल (प्रणालीचा गाभा) फार जुने आहे’ असे सांगून बंद पडत होता. लिनक्सचे प्रोग्राम फ्रीबीएसडीवर चालवणाऱ्या सुसंगतता-स्तराच्या सेटिंगमध्ये लिनक्सच्या आवृत्तीचा आकडा वाढवल्यावर तो सुरू झाला. मात्र आता मध्येच अडकतो. हा स्तर सुधारायला हातभार लावायचा, तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर : ‘कॉम्पॅट.लिनक्स.ओएसरिलीज’ या सेटिंगचा आकडा वाढवल्याने लिनक्सच्या सी-लायब्ररीची (प्रोग्राम ज्या मूलभूत संचावर विसंबतात त्याची) सुरुवातीची तपासणी पार पडते, पण कर्नलमध्ये एकाही सिस्टीम कॉलची (प्रोग्राम कर्नलकडे करतो त्या मागणीची) भर पडत नाही. उलट, नवे कॉल हाताशी आहेत असे प्रोग्राम गृहीत धरू लागतो.

या स्तरात आभासी यंत्र नसते. प्रोग्राम थेट प्रोसेसरवरच चालतो. त्याने केलेले सिस्टीम कॉल तेवढे फ्रीबीएसडीचे कर्नल लिनक्सच्या नियमांनुसार हाताळते. खरी मेख बारकाव्यांत असते. ‘आत्ता जमत नाही, पुन्हा प्रयत्न करा’ या त्रुटीचा क्रमांक फ्रीबीएसडीत 35 आणि लिनक्समध्ये 11 आहे, तर लिनक्समध्ये 35 म्हणजे डेडलॉक (एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकणे). त्यामुळे एखाद्या ठिकाणी हा क्रमांक न बदलता तसाच पुढे गेला, तर जेथे क्षणभर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, तेथे प्रोग्राम हातपाय गाळून बसतो. कॉल उपलब्धच नसेल, तर तसे स्पष्ट सांगणारी त्रुटी परत करावी, कारण नीट लिहिलेला प्रोग्राम ती पाहून जुन्या मार्गाने काम भागवतो. काहीच न करता ‘झाले’ म्हणून कळवणारा कॉल माझ्या मते सर्वांत घातक, कारण त्याचे परिणाम भलत्याच ठिकाणी उमटतात आणि शोधणारा तिकडेच चाचपडत राहतो.

‘लिनप्रॉकएफएस’ (प्रणालीची माहिती लिनक्सच्या पद्धतीने फायलींच्या रूपात दाखवणारी फाइल सिस्टीम) माउंट केली, म्हणजे जोडली आहे ना, एवढे आधी पाहून घ्यावे. पुष्कळ तक्रारी तेथेच मिटतात. त्यानंतर कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये अमुक सिस्टीम कॉल अमलात आणलेला नाही अशी नोंद आहे का, ते तपासावे. तशी नोंद नसेल, तर ‘केट्रेस’ने कॉलची नोंद घेऊन ‘केडम्प’ने ती वाचावी आणि प्रोग्राम अडकण्यापूर्वीचे शेवटचे काही कॉल बारकाईने पाहावेत. ज्या कॉलवर संशय येईल, तेवढाच करणारा दहा-वीस ओळींचा सी प्रोग्राम लिहून तो लिनक्सवर व या स्तरावर चालवावा, आणि परत आलेले मूल्य व त्रुटी क्रमांक यांतील फरक त्या प्रोग्रामसह विकासकांना कळवावा.