आजी आधी भुकेचंच का विचारते

प्रिय सई,

परवा तुला ताप आला तेव्हा तिथल्या जीपीने, म्हणजे तुझ्या नेहमीच्या डॉक्टरने, सांगितलं, व्हायरल आहे, पॅरासिटामॉल घे, पाणी भरपूर पी. आजीने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भूक लागतेय का? जीभ पांढरी झालीय का? पोट साफ झालं?" आणि फर्मान सोडलं की आज जेवायचं नाही, नुसती पेज प्यायची. त्यावर तू मला मेसेज केलास, "आई, दोघांपैकी बरोबर कोण? आणि आयुर्वेद म्हणजे नक्की काय, औषध की श्रद्धा?" विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

ताप कशाने आला, याचं उत्तर डॉक्टरांचंच बरोबर. विषाणू ही गोष्ट चरकाला किंवा सुश्रुताला, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकारांना, माहीत असणं शक्यच नव्हतं. पण आजी ते विचारतच नव्हती. तापात तुझं शरीर आत्ता काय पेलू शकतं, हे तिला हवं होतं. आणि ते विचारायची तिची रीत दोन हजार वर्षांपासून चालत आलेली आहे.

आयुर्वेदात वात, पित्त, कफ ही नावं तू ऐकली आहेस. शरीरातली हालचाल, पचन आणि उष्णता, स्निग्धता आणि बळकटी यांचा हिशेब त्या जुन्या वैद्यांनी या तिघांत मांडला. हे तिघे कुठल्या तपासणीत सापडत नाहीत आणि मी तुला ते प्रयोगशाळेतलं सत्य म्हणून सांगणार नाही. पण या सगळ्यात खरा मान आहे तो अग्नीचा, म्हणजे जे खाल्लं ते पचवण्याच्या ताकदीचा. चरकसंहितेत तापाचं वर्णन असं आहे की हे तिघे, म्हणजे दोष, बिघडले की ते अग्नीला त्याच्या जागेवरून हुसकावून लावतात. ती ऊब अंगभर पसरते, म्हणून अंग तापतं आणि पोटातली भूक मरते. आता अशा पोटात पोळी-भाजी ढकलली तर ती पचणार कशी? ती अर्धवट राहते, त्याला म्हणतात आम, आणि जिभेवरचा पांढरा थर ही त्याची खूण. आजीचे तिन्ही प्रश्न इथून आले आहेत. तिने संहिता वाचलेली नाही. तिच्या आईने तिला असंच विचारलं होतं.

पेजेचंही तसंच. आजारातून उठणाऱ्या माणसाला काय द्यायचं याची ग्रंथांत पायरी-पायरीने मांडणी आहे. आधी मंड, म्हणजे भाताचं नुसतं वरचं पाणी. मग पेया, ज्यात थोडी शितं असतात. मग विलेपी, म्हणजे दाट, मऊ गुरगुट्या भात. त्यानंतर मुगाचं कढण. भूक जशी परत येते तसं पुढे सरकायचं. आमच्या सावंतवाडीच्या घरी उकड्या तांदळाची पेज असायची. तुझ्याकडे लीड्समध्ये उकडे तांदूळ मिळाले नाहीत तरी साधा तांदूळ चालेल, फक्त बासमती नको, तो मोकळाच राहतो. मूठभर तांदूळ धुऊन जाडसर भरडून घे, चमचाभर तुपात जिरं तडतडलं की त्यावर परत, आठ-दहा पट पाणी घाल आणि मंद आचेवर शिजू दे. शीत बोटांत दाबल्यावर विरघळलं पाहिजे. मीठ शेवटी. वर तूप घालायचं ते भूक लागल्यावर, त्याआधी नाही. आणि लंघन म्हणजे उपाशी मरणं नव्हे. पाणी, पेज चालूच ठेवायची. चोवीस तासांत तुला काहीच पोटात ठेवता आलं नाही तर आजीला नाही, तिथल्या आरोग्य हेल्पलाइनला, १११ ला, फोन कर.

तू विचारलंस औषध की श्रद्धा. मला वाटतं आयुर्वेदाचा सगळ्यात मोलाचा भाग या दोन्हींत बसत नाही, कारण तो माणूस आजारी पडण्याच्या आधीचा आहे. वाग्भटाचं अष्टांगहृदय साधारण सातव्या शतकातलं. त्यात दिवस कसा घालवायचा, ऋतू बदलला की खाणं कसं बदलायचं यावर अध्यायच्या अध्याय आहेत. पोटाचे चार भाग कल्पायचे, दोन अन्नाने भरायचे, एक पातळ पदार्थाने, एक मोकळा सोडायचा, असं तो सांगतो. थंडीत भूक वाढते, तेव्हा जड, स्निग्ध खा, आणि पावसाळ्यात पचन मंद होतं, तेव्हा हलकं खा. संक्रांतीला तीळगूळ, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा, पाडव्याला कडुनिंबाची पानं हिंग-मिरे-गुळाबरोबर, हे आपल्या सणांत मुरलेलं आहे. दिवाळीच्या पहाटे आजी तुला पाटावर बसवून तेल लावायची ते आठवतं ना? डोकं आणि पाय ती विसरायची नाही, काशाच्या वाटीने तळपाय घासत राहायची. वाग्भट म्हणतो, रोज अभ्यंग करावा आणि डोकं, कान, पाय इथे तो विशेष करावा. (कानात तेल मात्र तू घालू नकोस, कानाचे डॉक्टर आज नकोच म्हणतात.)

याच ग्रंथातला मला सगळ्यात प्रिय असलेला भाग म्हणजे कोणते वेग अडवू नयेत याची यादी. लघवी, शौच, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप, धाप, उलटी... आणि त्यांतच अश्रू. रडू आलं तर दाबू नये, दाबल्याने माणूस आजारी पडतो, असं तो वैद्य लिहून ठेवतो. आणि लगेच सांगतो की काही वेग अडवलेच पाहिजेत, लोभ, मत्सर, द्वेष. तू ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा तिथे एकटी राहिलीस तेव्हा फोनवर हुंदका गिळत होतीस. तेव्हाच तुला हे सांगायला हवं होतं असं आज वाटतं.

आता एक गोष्ट तू तिथल्या मित्रमैत्रिणींना सांगावीस अशी. सुश्रुतसंहितेत कापलेलं नाक पुन्हा बांधण्याची रीत आहे. झाडाचं पान नाकाच्या मापाने कापायचं, ते गालावर ठेवून तेवढी कातडी सोडवायची, पण एका बाजूने जोडलेलीच ठेवायची, आणि ती वळवून नाकावर शिवायची. श्वासासाठी आत दोन नळ्या ठेवायच्या. पुढे अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या गड्याचं नाक टिपू सुलतानाच्या कैदेत कापलं गेलं होतं. पुण्याजवळ एका वीटभट्टीवाल्या जातीतल्या कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी घेऊन ते पुन्हा घडवलं. माप घेतलं मेणाच्या साच्याने. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये त्याची हकीगत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. आजही प्लॅस्टिक सर्जन कपाळाची कातडी वापरतात. मला यात अभिमान वाटतो आणि हळहळही. ग्रंथ शिकणाऱ्या वैद्यांनी तोवर शस्त्र जवळजवळ सोडून दिलं होतं. हात चालत राहिले ते पोथी न वाचणाऱ्या घरांतले.

औषधांबद्दल मात्र मी कडक आहे. भारतात वैद्य होण्यासाठी बीएएमएस या आयुर्वेदाच्या पदवीचा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. असा वैद्य नाडी बघतो, झोप-भूक विचारतो आणि तुझ्यापुरतं औषध ठरवतो. तुझ्या रूममेटने ऑनलाइन मागवलेल्या अश्वगंधाच्या कॅप्सूलला मी आयुर्वेद म्हणणार नाही. अश्वगंधा घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि थायरॉइडच्या गोळीशीही तिचं जमेलच असं नाही. भस्म, रसौषधी, म्हणजे धातू किंवा पारा वापरून केलेली औषधं, तर कुठल्याही दुकानातून घेऊच नकोस. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती, त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. नैसर्गिक आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, असं खुद्द चरकही म्हणत नाही. चुकीच्या हातात औषधही विष होतं, असं त्याने स्पष्ट सांगितलंय.

मेतकूट, सुंठ आणि जिरं पार्सलमध्ये टाकलंय. काही दिवस त्यावर काढ. काढा किंवा आणखी काही घेतलंस तर जीपीला तसं सांग, लपवू नकोस, आणि शुक्रवारपर्यंत ताप उतरला नाही तर पुन्हा जाऊन ये.

तुझी,
आई