कासवांच्या वहीवर करिअर होतं का?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. थंडी सुरू झाल्यापासून पहाटे गावातल्या कासवमित्रांबरोबर किनाऱ्यावर जाते. कासवांच्या खुणा, घरटी, शिवाय वाळूत आलेल्या गाड्या, कुत्री, पर्यटक सगळं वहीत लिहिते. पैसे काही मिळत नाहीत. यात पुढे काही आहे का? – एक आई, गुहागर

उत्तर : ताई, आधी बारावी. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचा अंडी घालायचा हंगाम आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका बोर्डाच्या तोंडावर. पण जाणं बंद करू नका, वार ठरवून द्या. फक्त रविवार. मनात येईल तेव्हा जाण्यापेक्षा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पट्ट्यात केलेली नोंद अभ्यासकाच्या जास्त कामाची असते.

वही मात्र नीट हवी. तारीख, तिथी, निघाल्याची-परतल्याची वेळ, कुठून कुठवर चाललो, भरती की ओहोटी. कासव अंडी न घालताच परतलं असेल तर तेही. आणि काहीच दिसलं नाही, तर ‘काही नाही’ असं लिहायचं. ती पानं कोरी राहिली की कासवं रोजच येतात असा खोटा हिशेब निघतो. माझ्या मते तिच्या वहीत सगळ्यात मोलाच्या आहेत त्या माणसांच्या नोंदी. घरट्यांची मोजणी वन विभाग ठेवतोच. कुठल्या हॉटेलचा दिवा कधीपासून किनाऱ्यावर पडतो, हे कोण लिहितं? पिल्लं उजेडाकडे धावतात, म्हणून ते महत्त्वाचं. अंड्यांना मात्र वन विभागाच्या माणसाशिवाय हात लावायचा नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे.

आता पोटापाण्याचं. या क्षेत्रात नोकऱ्या थोड्या, त्यातल्या बऱ्याच प्रकल्पापुरत्या, कंत्राटी. म्हणून पदवी अशी घ्यावी की दुसरंही दार उघडं राहील. मी रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आधी सुचवेन : चार वर्षांची पदवी, घरापासून जवळ, आणि मत्स्य विभागापासून कोळंबी प्रकल्पापर्यंत कामं मिळतात. नाहीतर प्राणिशास्त्रात बीएस्सी करून पुढे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा गोवा विद्यापीठ. प्राणिशास्त्राच्या पदवीवर भारतीय वन सेवेची परीक्षाही देता येते. कुठेही गेली तरी संख्याशास्त्र टाळू नये. पुढच्या शिक्षणात आमची कोकणातली मुलं तिथेच अडतात.

फुकटच्या कामाची धास्ती घेऊ नका. चेन्नईत १९८८ पासून विद्यार्थीच रात्री किनारा चालून कासवांची घरटी राखतात. ते काम सुरू करणाऱ्यांतले कार्तिक शंकर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. सगळेच तसे होत नाहीत, हेही खरं.

अंधारात एकटीला पाठवू नका. वही पेन्सिलीने लिहू दे, पाण्याने शाई पसरते; आणि दर रविवारी पानांचे फोटो काढून ठेवा.