सेकंडहँड एसी कॉम्प्रेसर बसवल्यावर त्याचा क्लच (इंजिनच्या पट्ट्याशी कॉम्प्रेसर जोडणारा भाग) लागतो, पण गाडी गार होत नाही. कॉम्प्रेसर चुकीचा बसलाय का?

असू शकतो, क्लच लागल्यावरही प्रेशर मोजणाऱ्या दोन्ही गेजचे (एक लो म्हणजे कमी दाबाच्या साइडचा, एक हाय म्हणजे जास्त दाबाच्या साइडचा) काटे जवळपास सारखेच राहत असतील तर कॉम्प्रेसर गॅस दाबतच नाहीये, पुन्हा गॅस भरून पैसे घालवू नका. बोल्ट जुळले म्हणजे कॉम्प्रेसर जुळला असं नाही (गॅरेजवाले नेमकं इथेच थांबतात!). बाहेरून सारखे दिसणारे दोन कॉम्प्रेसर आतून एक फिक्स्ड (दर फेरीला तेवढाच गॅस दाबणारा), एक व्हेरिएबल (गरजेप्रमाणे कमी-जास्त दाबणारा) असू शकतात. व्हेरिएबलच्या मागच्या बाजूला, किती गॅस दाबायचा ते ठरवणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हचं दोन पिनांचं सॉकेट रिकामंच दिसलं, म्हणजे तुमच्या वायरिंगमध्ये त्याचा कनेक्टरच नसेल, तर व्हॉल्व्हला करंट मिळत नाही आणि कॉम्प्रेसर नुसता फिरत राहतो. लेबलवरचा पार्ट नंबर जुन्याशी ताडून बघा, कॉम्प्रेसरच्या तेलाचा ग्रेडही. मात्र लो आणि हाय, दोन्ही साइडचं प्रेशर नेहमीपेक्षा कमी असेल तर आधी गॅसची गळती शोधा.