तीन मिनिटं उशिरा

“मॅडम, इंग्रजी समजतं सगळं. वाचतो, मेलही लिहितो. फक्त बोलता येत नाही.”

पुण्यात डेक्कनजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य अधूनमधून कुणी ना कुणी म्हणतंच. या वेळी म्हणणारे गृहस्थ मूळचे बार्शीकडचे, आता वाकडला राहतात आणि हिंजवडीत नोकरी करतात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) विचारत गेले तेव्हा कळलं, की हे महाशय इंग्रजीत चाळीस मिनिटांचा डेमो देतात. मग अडतंय कुठे?

बराच वेळ पाण्याच्या ग्लासशी चाळा करून म्हणाले, “मीटिंग सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन मिनिटं.”

म्हणजे सगळे जमेपर्यंत “वीकएंड कसा गेला?” वगैरे चालतं, ती मिनिटं. ती टाळायला ते रोज ठरवून तीन मिनिटं उशिरा जॉइन व्हायचे आणि ‘नेटवर्क इश्यू’ सांगायचे. डबाही सव्वाबारालाच एकटे उरकायचे. कामाच्या इंग्रजीत शब्द ठरलेले असतात, विषय आपल्या हातात असतो. गप्पा कुठेही वळतात. म्हणून डेमो जमतो आणि पोह्यांवर बोलताना घाम फुटतो. यात नवल काहीच नाही.

उपाय त्यांनी आधीच सुरू केला होता. रोजच्या संभाषणाच्या शंभर विषयांची यादी उतरवून घेतली होती. दुसऱ्या भेटीत वही आणली. दोनशे पानी, प्रत्येक पानाला समास आखलेला. ‘माय वीकएंड’, खाली बरोबर दहा वाक्यं, आणि स्वतःच्याच चुकांवर स्वतःच मारलेल्या लाल रेघा. चौथीतल्या मुलाची वाटावी अशी वही, पण माणूस अडतीस वर्षांचा.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीला भेटायचं आणि भेटायचं ते निबंध आणि प्रश्नोत्तरं घेऊन. यांच्या मनात इंग्रजी बोलणं म्हणजे अजूनही उत्तर देणं आणि उत्तर म्हटलं की गुण. समोरच्यानं “हाउ वॉज युअर वीकएंड?” विचारलं की हे डोक्यात ते पान शोधायला लागतात. तोवर समोरचा पावसावर पोचलेला असतो. सामाजिक भीतीत लक्ष समोरच्याकडे राहत नाही, स्वतःवरच खिळतं, असं क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 साली मांडलं. मनातल्या मनात वाक्य घोटणं हा त्यातला आधार वाटतो, पण भीती टिकवून धरतो तोच.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. मी त्यांना रात्री जेवताना अर्धा तास बायकोशी इंग्रजीत बोला असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी घरात चिडीचूप. बायको म्हणाली, “निदान भांडण तरी मराठीत करू द्या.” बरोबर होतं तिचं. मी त्यांच्या जेवणाच्या ताटापर्यंत परीक्षा नेऊन ठेवली होती.

मग वही बंद केली. प्रसंगांना धास्तीचे शून्य ते शंभर आकडे दिले आणि खालून सुरुवात केली. वीसवर होतं कस्टमर केअरला फोन लावून इंग्रजीचा पर्याय निवडणं. पलीकडचा माणूस पुन्हा भेटायचा नसतो, हे मोठं सुख. उत्तराचा साचा एवढाच: काय केलं, त्यातला एक बारकावा आणि चेंडू परत. “वेंट टु सिंहगड. टेरिबल ट्रॅफिक ॲट खडकवासला. यू?” दहा वाक्यं नकोत. मराठीत तरी आपण “जेवण झालं का?” वर निबंध कुठे म्हणतो?

पन्नासवर होता पँट्रीत चेन्नईच्या सहकाऱ्याबरोबर डबा. गणपतीच्या दिवसांत त्यानं यांच्या डब्यातल्या उकडीच्या मोदकाकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं. पान पाठ नव्हतं. हे म्हणाले, “राइस फ्लोअर. इनसाइड कोकोनट, जॅगरी. देन…” ‘उकडणे’ला शब्द सापडेना. “देन सॉना बाथ.”

तो सहकारी खो-खो हसला आणि ओरडला, “ओह, कोळुकट्टै!” त्याच्या घरीही पिल्लयार चतुर्थीला तेच होतात. मग त्याची आई सारणात काय घालते, कळ्या पाडते का, यावर वीस मिनिटं गेली. ‘स्टीम’ हा शब्द त्याच्याच तोंडून आला आणि यांनी तो उचलून दोनदा वापरला.

“तेव्हा आकडा किती होता?” मी विचारलं.

“बघायचा राहिलाच, मॅडम.”

अमेरिकेच्या क्लायंटचा कॉल अजून सत्तरच्या आसपास आहे. तिथे ते अजूनही उशिराच जॉइन होतात. पुढच्या गुरुवारी त्यावर बसायचं ठरलंय.